मदत हवी आहे: नानांना सातव्या सीझनचा पहिला भाग दाखवू का नको?

बोरीकाठचा

मंडळी, प्रश्न जरा येडपटच आहे. हसायचं तर हसा, पण उत्तर द्या.

'द वॉकिंग डेड' ही अमेरिकन झोंबी सिरीज ज्यांनी बघितली आहे त्यांच्यासाठीच हा धागा आहे. बघायची बाकी असेल त्यांनी इथूनच मागे फिरा, खाली सगळं फुटणार आहे.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, कापूस-मक्याचं. वडील ६८ वर्षांचे, सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जन्मात पहिल्यांदा नाना दोन महिने घरात बसले. बातम्या बघून बघून चिडचिड करायला लागले. मी आपला रात्री लॅपटॉप टीव्हीला जोडून ही सिरीज परत बघत होतो. नाना पलंगावरून विचारायचे, "काय शे रे हाई? मरेल माणूस चालस कसा?" मी सांगत गेलो. तिथून जे सुरू झालं ते आता सहा सीझन झाले.

इंग्रजी त्यांना येत नाही. मी शेजारी बसून अहिराणीत कॉमेंट्री करतो. सिरीजमध्ये कोणीच 'झोंबी' म्हणत नाही, 'वॉकर' म्हणतात. नाना सरळ 'मडं' म्हणतात. मिशोन म्हणजे तलवारवाली, डॅरिल म्हणजे धनुष्यवाला, आणि ग्लेन म्हणजे पिझ्झावाला, कारण जग बुडायच्या आधी तो पिझ्झा पोचवायचा हे मीच त्यांना सांगितलं होतं. सांगायला नको होतं.

माझा धाकटा भाऊ पुण्यात तेच करतो. बाईकवर लोकांचं जेवण पोचवतो.

खरी गोष्ट अडकली ती दुसऱ्या सीझनच्या विहिरीवर. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी: हर्शेल नावाच्या म्हाताऱ्याच्या मळ्यावर एका विहिरीत एक फुगलेलं मडं सापडतं. गोळी घातली तर पाणी बाटेल, म्हणून ते जिवंतच (म्हणजे काय ते समजून घ्या) वर ओढायचं ठरतं आणि आमिष म्हणून ग्लेनला दोर बांधून आत सोडतात. नाना पलंगावर अर्धे उठून बसले. "कंबरले काबर बांधतस रे? काखमा बांधा!" ओरडून सांगत होते, टीव्हीला. पुढे ते मडं काठापर्यंत येतं, मधून तुटतं आणि अर्धं परत पाण्यात. नाना बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बाटी गई हीर." एवढ्या माणसांचं रक्तामांस बघून जे झालं नाही ते एका विहिरीने झालं.

चार वर्षांपूर्वी आमच्या विहिरीत मोटर अडकली होती तेव्हा धाकटाच उतरला होता. दोर कंबरेलाच बांधला होता. सरकला. बरगड्या महिनाभर दुखत होत्या त्याच्या. वर दोर धरायला नानाच होते.

तेव्हापासून ग्लेन आमच्या घरातला झाला. हर्शेलच्या पोरीचं, मॅगीचं, ग्लेनशी जमलं आणि हर्शेलने त्याला आपलं खिशातलं घड्याळ दिलं त्या दिवशी नाना म्हणाले, "आते जवाई पसंत पडना म्हातारले." सहाव्या सीझनमध्ये तो कचराकुंडीजवळ पडतो आणि मेला असंच वाटतं, त्या रात्री नाना फक्त दूध पिऊन झोपले. दुसऱ्या दिवशी मी शेतावर न जाता तिसऱ्या भागापासून सातव्यापर्यंत सलग लावले, तो कुंडीखालून बाहेर निघेपर्यंत.

आता आम्ही सहाव्या सीझनच्या शेवटी उभे आहोत. सगळे गुडघ्यावर, नीगन हा व्हिलन बॅट फिरवतोय, कोणाच्या डोक्यात घातली ते दाखवत नाहीत आणि पडदा काळा. नानांनी विचारलं, "कोणले मारं?" मी म्हटलं, रिचार्ज संपला. चार दिवस झाले, रिचार्ज संपलेलाच आहे.

तर काय करू? भाग दाखवू, गाळून पुढे जाऊ, आधी सांगून टाकू, का सहावर थांबू? आणि पुढे खरंच बघण्यासारखं काही आहे का? मी स्वतः मागे सातव्यातच सोडली होती.

गिरणाकाठ_७२

भाऊ, सरळ गाळा. आठवीतल्या पोराला धडा गाळून शिकवतात तसं. दुसऱ्या भागापासून सुरू करा आणि सांगा की ग्लेन मॅगीला घेऊन दुसऱ्या गावाला गेला. नाहीतरी मॅगी हिलटॉप नावाच्या दुसऱ्या वस्तीला जातेच.

रनिंगरूम

@गिरणाकाठ, गाळून चालणार नाही हो. तिसऱ्या-चौथ्या भागापासून सगळे त्याचंच नाव घेतात. मॅगी तर शेवटच्या सीझनपर्यंत. नाना विचारतील, पिझ्झावाला दिसत का नाही. तुम्ही किती वर्षं खोटं बोलणार?

मी भुसावळचा, रेल्वेत. ही सिरीज मी ड्युट्यांच्या मधल्या वेळात बघितलीय, अर्धी भुसावळला, अर्धी इगतपुरी-नागपूरला रनिंग रूममध्ये (म्हणजे गाडीवरच्या लोकांची विश्रांतीची खोली). सातव्याचा पहिला भाग आम्ही चौघांनी मिळून बघितला. एक जण मध्येच उठून चहा करायला गेला तो परत आलाच नाही. तेव्हा अमेरिकेतही तेच झालं. तो भाग २३ ऑक्टोबर २०१६ ला लागला तेव्हा तिकडे सुमारे १ कोटी ७० लाख लोकांनी बघितला, आणि तिथून जी उतरण लागली ती थांबलीच नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात शेवटचा भाग आला तेव्हा २३ लाखांच्या आसपास उरले होते.

लोक ग्लेन मेला म्हणून गेले असं मला वाटत नाही. लोक चिडले ते एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत टांगून ठेवलं म्हणून. मरण दाखवायचं तर दाखवा, त्याची लॉटरी कशाला काढता? त्याच्या आधी कचराकुंडीचा खेळ केलाच होता. तेव्हा तर फसवायला सुरुवातीच्या नामावलीतून त्या नटाचं नाव पण काढलं होतं. तुमच्या नानांना दूध पिऊन झोपवणारे हेच लोक.

तुमचं रिचार्ज संपणं त्या मानाने प्रामाणिक म्हणायचं.

पानोपानी

सिरीज ज्यावरून काढली ते मूळ कॉमिक वाचलेले इथे कोणी नाहीत काय? ग्लेनचं हे मरण २०१२ च्या शंभराव्या अंकातलं आहे. रॉबर्ट कर्कमनने तसंच लिहिलंय, नीगन आणि काटेरी तार गुंडाळलेली बॅट, सगळं. सिरीजवाल्यांनी आधी ग्लेनच्या टोळीतल्या अब्राहमला मारून लोकांना सुटल्यासारखं वाटू दिलं आणि मग डॅरिलने उठून नीगनला ठोसा मारला म्हणून दुसरा नंबर ग्लेनचा. आणि डॅरिल कॉमिकमध्ये नाहीच! म्हणजे ज्याला सिरीजवाल्यांनी आपल्या मनाने आणला त्याच्याच पापाने ग्लेन गेला. माझ्या मते हा बदल मूळपेक्षा सरस आहे. दाखवा. अर्धवट थांबणं हा गोष्टीचा अपमान आहे.

गिरणाकाठ_७२

गोष्टीचा अपमान झाला तर गोष्ट जेवण सोडत नाही, भाऊ.

सिस्टर_नंदुरबार

बोरीकाठ दादा, आधी हे सांगा, नानांना बीपी-शुगर काय आहे? गोळ्या चालू आहेत का? मी वॉर्डात काम करते म्हणून विचारतेय, हसण्यावारी नेऊ नका. टीव्ही बघून काही होत नाही असं नसतं. वर्ल्ड कपच्या रात्री आमच्याकडे येतात ना पेशंट.

तो भाग मी बघितलाय. माझ्याकडून आतड्या-बितड्यांचं कौतुक नको, ते रोजचं आहे. पण त्या भागात वाईट काय आहे सांगू? पहिली वीसेक मिनिटं कोण गेलं तेच सांगत नाहीत. टोळीचा म्होरक्या रिक नुसता बधिर होऊन नीगनबरोबर गाडीत. ती वीस मिनिटं घातक. माणूस खबर ऐकून तेवढा खचत नाही, जेवढा खबरीची वाट बघून खचतो. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेले बघा कधी.

आणि ग्लेनचं तर लगेच संपत नाही. एक फटका बसल्यावर तो मॅगीकडे बघून बोलायचा प्रयत्न करतो. मी तिथे मान फिरवली होती, खोटं कशाला बोलू.

तेव्हा रात्री लावू नका. दिवसा, जेवण झाल्यावर, आणि आधी सांगून. नीट नाव घेऊन सांगा, 'काहीतरी वाईट आहे' असं मोघम नको. मग बघायचं का नाही ते त्यांना ठरवू द्या. ६८ वर्षांच्या माणसाने मरण बघितलेलं असतं दादा, आपल्यापेक्षा जास्त.

बोरीकाठचा

@सिस्टर ताई, बीपीची गोळी आहे, सकाळची. शुगर नाही. तुमचं वाचून पोटात गोळा आला, पण पटलं.

मळ्यातला_भुत्या

सहा सीझन बघितले म्हणजे दुसरा पण पूर्ण बघितला? नानांना मानलं! १३ भाग, बहुतेक एकाच मळ्यावर, निम्मा वेळ त्या हरवलेल्या सोफियाला शोधण्यात. लोक त्याला कंटाळवाणा म्हणतात. मला तोच सगळ्यात आवडतो. सध्या आमच्याकडे थ्री फेज रात्रीची आहे, बाराला उठून मक्याला पाणी द्यायला जातो. बॅटरीचा उजेड पडेल तेवढंच जग. मक्याच्या पानांचा आवाज येतो ना, कोणीतरी पाय घासत चालल्यासारखा, तेव्हा मला शहरातली मडी आठवत नाहीत, हर्शेलचं कोठार आठवतं. आपली मेलेली माणसं आजारी आहेत, बरी होतील म्हणून कोंडून ठेवलेली, रोज कोंबड्या खाऊ घालतो त्यांना. म्हाताऱ्याचं कुठे चुकलं सांगा.

(पाणी भरायला बिबट्याची भीती जास्त आहे म्हणा.)

बोरीकाठचा

नानांचं पण हेच. कोठाराचं दार उघडून रिकच्या टोळीतल्या शेनने गोळ्या घातल्या तेव्हा नाना म्हणाले होते, "दुसराना वाडामा इसन दादागिरी." शेनचं नाव तेव्हापासून 'सरकारी माणूस'.

रनिंगरूम

पुढे बघण्यासारखं आहे का हे कोणी सांगितलंच नाही. माझं मत: सातवा आणि आठवा म्हणजे चाळीसगावच्या पुढे सिग्नलला उभी राहिलेली गाडी. नुसती भाषणं, नुसती भाषणं. नीगन बोलायला लागला की मी भाकरी थापून घ्यायचो. आठव्यात रिकच्या पोराला, कार्लला मारलं तो तर शुद्ध मूर्खपणा, पोरगा म्हणजे गोष्टीचा उद्याचा दिवस होता. पण नवव्यापासून अँजेला कँगने सूत्रं घेतली आणि गाडीने वेग धरला. मढ्यांच्या कातड्याचे मुखवटे घालून मढ्यांतच फिरणारी माणसं येतात, ते काम भारी आहे. रिक मात्र नवव्याच्या पाचव्या भागात जातो. नानांना रिक आवडतो का?

बोरीकाठचा

रिक म्हणजे नानांच्या मते सरपंच. निवडून आला म्हणून सहन करायचा.

सिस्टर_नंदुरबार

दादा, काय केलं मग? रविवार गेला.

बोरीकाठचा

सांगतो.

काल दुपारी वरण-बट्टी झाली होती, नाना ओट्यावर खाटेवर आडवे. ताईंनी सांगितलं तसं मी शेजारी बसलो आणि नीट नाव घेऊन सांगितलं. म्हटलं, नाना, पुढल्या भागात पिझ्झावाला मरस. अब्राहमही.

नानांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "माले माहीत शे."

धाकट्याने सांगितलं होतं! कचराकुंडीच्या रात्री, दूध पिऊन झोपले म्हणालो ना, तेव्हा नानांनी त्याला पुण्याला फोन लावला होता. त्याने होस्टेलला असताना सगळी बघितलेली. तो म्हणाला, नाना, आत्ता नाही मरत, जेवून घ्या, पुढच्या सीझनला मरतो. म्हणजे सहावा सीझनभर नानांना माहीत होतं आणि मला कळू दिलं नाही. मी म्हटलं मग "कोणले मारं" कशाला विचारलं? म्हणाले, "तू सांगस का नही, ते पाही राहिंतू."

रिचार्जबद्दलही माहीत होतं. चार दिवस मी त्यांच्या समोर मोबाईलवर क्रिकेट बघत होतो.

संध्याकाळी पाचला भाग लावला. ती पहिली वीस मिनिटं मी कॉमेंट्री केलीच नाही, त्यांनी मागितलीही नाही. अब्राहमच्या वेळी "अरे अरे" एवढंच. ग्लेनच्या वेळी ताई, मी मान फिरवली, नानांनी नाही फिरवली. मॅगी उठायला बघते आणि उभंच राहता येत नाही, तिथे म्हणाले, "तिले पाणी द्या कोणी." संपल्यावर काठी घेऊन गोठ्याकडे गेले, म्हशीला वैरण टाकली, परत आले आणि जेवले. दीड भाकरी. बीपी मोजला, १४० वर ८५. तेवढा त्यांचा असतोच.

रात्री धाकट्याला फोन केला पण ग्लेनचा विषय नाही, गाडीच्या मागच्या टायरचा होता. बदलला का, बदलला का, तीनदा.

मळ्यातला_भुत्या

नाना एक नंबर.

गिरणाकाठ_७२

म्हणजे घरात सगळ्यात शेवटी कळलं ते तुम्हाला. धागा बंद करायला हरकत नाही.

बोरीकाठचा

नका करू बंद, आता नवीन भानगड आहे. आज सकाळी चहा घेता घेता नानांनी विचारलं, "तो सोट्यावाला मरस का नही?" म्हणाले, तो मरेपर्यंत मी बघणार, मग किती का सीझन असेनात.

आता मी थोडं शोधून वाचलं तर कळलं की नीगन मरत नाही. तुरुंगात बसतो, मग सुधारतो, लोकांना आवडायला लागतो. आणि २०२३ ला 'डेड सिटी' म्हणून वेगळी सिरीज काढलीय, त्यात तो आणि मॅगी बरोबर फिरतात. मॅगी!

हे कसं सांगायचं? धाकट्याला म्हटलं तू सांग, तर तो म्हणतो मी ऑर्डरवर आहे.