ऑटोरिमूव्हच्या यादीत टेसरॅक्ट दिसतोय, ‘वाय’ दाबू का?

पेठेतला स्कॅनवाला:
नारायण पेठेत एका वाचनालयाचे जुने दिवाळी अंक स्कॅन करून देतो. लॅपटॉप जुना, डिस्क 32 जीबीची, त्यावर डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली. ओसीआरमायपीडीएफ (स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये शोधता येणारा मजकूर घालणारं पॅकेज) वापरात नव्हतं म्हणून काढलं. आता ऑटोरिमूव्ह (बिनकामाची पॅकेजं काढणारी आज्ञा) म्हणतंय, 41 पॅकेजं काढतो. त्यात टेसरॅक्ट-ओसीआर, चित्रातली अक्षरं ओळखणारा! माझी रोजची स्क्रिप्ट त्याच्यावरच चालते. मराठीची डेटा फाइल तर मी नेटवरून उतरवून हाताने टाकली होती. जागा हवीच आहे हो, पण अंक अर्धे व्हायचेत.

कोथरूडकर:
थांबा, दाबू नका. टेसरॅक्ट तुम्ही स्वतः मागितला नव्हता, ओसीआरमायपीडीएफच्या मागोमाग आला. म्हणून ऍप्टने (पॅकेजं घालणारा-काढणारा प्रोग्राम) त्याच्यावर ‘ऑटो’ अशी खूण केली. मागवणारा गेला की अशी पॅकेजं बिनकामाची ठरतात. तुमची स्क्रिप्ट आणि हाताने टाकलेली फाइल ऍप्टच्या हिशेबातच नाही.

‘सुडो ऍप्ट-मार्क मॅन्युअल टेसरॅक्ट-ओसीआर’ द्या. त्याला लागणारं लेप्टॉनिका वगैरे आपोआप यादीतून निघेल, एकेकाला खूण करत बसू नका. मग ‘ऍप्ट-गेट’ला ‘मायनस एस’ लावून ऑटोरिमूव्ह चालवा. काहीही न काढता नुसती यादी दाखवतं. ती सावकाश वाचा, चहा घेत घेत वाचा.

एवढं कळकळीने सांगतोय कारण गेल्या पावसाळ्यात एका शाळेच्या लॅबमध्ये मी ‘मायनस वाय’ (न विचारता सगळ्याला हो) लावून मोकळा झालो. मुलांच्या प्रकल्पाची पायथन लायब्ररी अशीच दुसऱ्या पॅकेजमागून आलेली, ती 12 मशीनवरून गेली. ‘व्हार-लॉग-ऍप्ट’मधल्या हिस्टरी फाइलीत ‘रिमूव्ह’ची ओळ सापडली, त्यावरून नावं उतरवून सगळं परत घातलं. संध्याकाळचे साडेसात वाजले, शिपाईमामा किल्ल्या घेऊन दारात उभे.

हडपसरवरून:
यादीत जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) असतील तर ते खुशाल जाऊ द्या, जागा तेच खातात. चालू कर्नल आणि सगळ्यात नवा, हे दोन्ही ऍप्ट राखून ठेवतं. फक्त बूट फोल्डरमधल्या फायली हाताने उडवू नका.

पेठेतला स्कॅनवाला:
कोथरूडकर, खूण केली. यादी 41 वरून 35 वर आली. प्रत्येक नाव वाचलं, दोन जुने कर्नल होते, मग ‘वाय’ दिलं. लगेच एका अंकाचं पान चालवून पाहिलं. ‘ळ’सुद्धा नीट उमटतोय. मनापासून आभार.