चेतकचा फ्लोअर गंजलाय, पॅच मारू की कापून नवा बसवू?

आकुर्डीकर८७: मंडळी सल्ला हवाय. बाबांची 1987 ची बजाज चेतक स्कूटर, इंजिन ठणठणीत, पण फ्लोअरला ब्रेक पेडलपाशी आणि स्टँडच्या वर भोकं पडलीत. एक डेंटर म्हणतो वरून पत्रा रिव्हेट करतो, लांबी (पुट्टी) भरून रंग मारतो. दुसरा म्हणतो कापून नवा फ्लोअर, पण पैसे बरेच. रोज ऑफिसला न्यायचीये.

पत्राप्रेमी: दुसऱ्याकडेच जा दादा. चेतकला वेगळी चासी (सांगाडा) नसतेच, पत्रा हीच चासी. पुढे हँडलची नळी आणि मागे इंजिन टांगलेला लांब बोल्ट, या दोघांना एकमेकांशी धरून ठेवतो तो फ्लोअर आणि त्याच्या मधला उंचवटा, दोन्ही मिळून बंद पेटी होते म्हणून एवढा पातळ पत्रा डबलसीट पेलतो. तळ कुजला की पेटी उघडी पडते, मग खड्ड्यात गाडी पिळवटते. चेतक ज्या इटालियन व्हेस्पा स्कूटरवरून आली ती मूळ व्हेस्पा 1946 ची, ती काढणारे कोरादिनो दास्कानियो विमान-हेलिकॉप्टरवाले इंजिनियर, त्यामुळे हा विचार थेट तिकडचाच.

सासवडचा_सम्या: मग विमानालाही रिव्हेटच असतात की, इथे काय बिघडलं? आमच्या काकांच्या विजय सुपर स्कूटरला पॅच मारलाय, मस्त चालते.

पत्राप्रेमी: विजय सुपर लँब्रेटा या दुसऱ्या इटालियन स्कूटरच्या घराण्यातली, आत पाइपची फ्रेम आहे, पत्रा नुसता झाकण. तो अनुभव चेतकला लावू नका प्लीज. आणि रिव्हेट वाईट नाहीच, विमानात खराब भाग आधी कापून काढतात, पॅच चांगल्या पत्र्यापर्यंत नेतात, रिव्हेट किती आणि कुठे ते ठरलेलं असतं, शिवाय आतून फ्रेम आणि स्ट्रिंगर (आडव्या-उभ्या आधारपट्ट्या) पत्र्याला वाकू देत नाहीत. इथे रिव्हेट कुजलेल्या पत्र्यातच बसणार, मधे पाणी साठणार आणि आतून गंज चालूच राहणार.

आकुर्डीकर८७: पटलं. दुसऱ्याला काय काय सांगू?

पत्राप्रेमी: आधी खालून स्क्रूड्रायव्हरने टोचत जा, घट्ट पत्रा लागेल तिथपर्यंत कापायचं. उंचवट्यावर लोहचुंबक फिरव, चिकटला नाही तर तिथे जुनी लांबी आहे. कापण्याआधी पुढचा-मागचा भाग लोखंडी अँगल टाकून जखडायला सांग, नाहीतर बॉडी हलते आणि नंतर गाडी कायम एका बाजूला ओढते, हे सगळ्यात महत्त्वाचं. जोड सीओटू वेल्डिंगनेच (विजेवरचं), गॅसच्या ज्योतीने पातळ पत्रा वाकडा होतो. पेट्रोल टाकी आणि उंचवट्यातून जाणाऱ्या केबल, वायरिंग आधी बाहेर काढून घे.