कार्बन फायबर पॉलिस्टरला धरतच नाही, सायझिंगमुळे (धाग्यावरच्या कोटिंगमुळे) का?

संत्रानगरी_रेसर: भाऊ, कॉलेजच्या गाडीचं बॉडी पॅनल करून राहिलो, दुकानात स्वस्त पडलं म्हणून पॉलिस्टर रेझिन आणलं अन् कापड कार्बनचं, टेस्टची पट्टी वाकवली तर थर सुटले, तुटल्या जागी काळे धागे दाढीसारखे बाहेर, एकदम कोरे, रेझिनचा कणही नाही. ॲसिटोननं कोटिंग धुवून टाकू का?

काळाधागा: काहून धुतो बे! धागा जेमतेम ७ मायक्रॉनचा, त्यावर वजनाच्या साधारण १ टक्का सायझिंग असते, ती बहुतेक इपॉक्सी रेझिनसाठीच बनवलेली. इपॉक्सीचं हार्डनर तिच्याशी रिॲक्शन करून जोड पक्का करते, पॉलिस्टर क्युअर होते (म्हणजे घट्ट होते) स्टायरीनसोबत वेगळ्याच पद्धतीनं, त्याला या कोटिंगशी घेणंदेणं नाही.

धरमपेठ_लॅब: मी धुतलं होतं एकदा. कापूस पिंजल्यासारखं झालं, रोलर फिरवला की धागे तुटून रोलरलाच गुंडाळले. अन् पकड फक्त सायझिंगची नसते, त्याआधी कारखान्यात विजेनं पृष्ठभाग ऑक्सिडाइझ करतात, ते ऑक्सिजनचे गट ॲसिटोननं जात नाहीत. पण एक सांगतो, पकड लय जास्त झाली तरी घोळच, क्रॅक धाग्याला वळसा न घालता सरळ आरपार जाते अन् पॅनल काचेसारखं तडकते.

संत्रानगरी_रेसर: म्हणजे उरलेलं पॉलिस्टर ग्लास फायबरच्या साच्यात जिरवतो. इपॉक्सीला मात्र इथल्या मे महिन्यात पॉट लाइफ (कालवल्यावर घट्ट होईपर्यंतचा वेळ) किती मिळते देव जाणे.

काळाधागा: स्लो हार्डनर घे, थोडं थोडं कालव, पहाटे बस.