भर पावसात ड्रायव्हिंग टेस्टची तारीख आलीय, जाऊ की पुढे ढकलू? (नाशिक)

इंदिरानगरची_शिकाऊ

नमस्कार मंडळी. वय ५१. फोर व्हीलरचं लर्निंग मे महिन्यात निघालं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट येत्या गुरुवारी आहे, पेठ रोडच्या आरटीओला. आणि इथे झड लागलीय. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं त्याचे फोटो फॅमिली ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ येताहेत. त्यातच लेकाचा मेसेज, "आई, पुढची तारीख घे." जाऊबाईंचं म्हणणं, उलट पावसात साहेब भिजायला बाहेर येत नाहीत, पटापट पास करतात, जाच. नवरा काहीच बोलला नाही. फक्त गाडीचा इन्शुरन्स कधी संपतो ते बघून आला.

मी शिकले ती सगळी उन्हात. टेस्टला घरचीच जुनी वॅगन आर नेणार. पावसात चालवली ती इंदिरानगर बोगद्यापासून घरापर्यंत. समोरची काच आतून इतकी धुरकटली की मी चालवतेय आणि शेजारी बसून हे रुमालाने पुसताहेत, असं आलो.

तर सांगा, पाऊस असला तर टेस्ट होते का? काच खाली करून हात दाखवावा लागतो का, की इंडिकेटर चालतो? आणि चढावर थांबवून पुन्हा गाडी काढायची तेव्हा ओल्या रस्त्यावर ती जास्त मागे जाते का? मला त्याचीच धास्ती आहे. "काही होत नाही, बिनधास्त जा" एवढंच लिहिणार असाल तर ते घरात सांगणारे पुष्कळ आहेत.

पाथर्डीफाटा_७

सरळ पुढे ढकला. लर्निंगची मुदत ६ महिने असते, तुमच्याकडे नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे. ऑनलाइन जाऊन स्लॉट बदला आणि दसऱ्यानंतर कोरड्या रस्त्यावर द्या. कशाला डोक्याला ताप?

पेठरोडचा_मास्तर

ताई, मी बरीच वर्षं गाडी शिकवलीय, आता गुडघ्यांमुळे बंद केलं. पावसाळ्यात पोरं घेऊन टेस्टला जाणं हा नेहमीचाच भाग होता.

आधी जाऊबाईंचं. पावसात कोणी सूट देत नाही, ते डोक्यातून काढा. रिपरिप असेल तर टेस्ट चालूच राहते. आभाळ फाटल्यासारखा कोसळायला लागला तर तेवढा वेळ थांबवलेली मी पाहिलीय, मग पुन्हा रांग पुढे सरकते. म्हणून डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जा.

हात दाखवायचं म्हणाल, तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १५ व्या नियमात टेस्टमध्ये काय काय बघायचं ते दिलंय. त्यात इशारा हाताने किंवा इंडिकेटरने, दोन्ही चालतं. वळण्याच्या पुरेसा आधी दिला का, हे बघतात. एक मात्र करू नका. पाऊस आला की चारही इंडिकेटर लावून गाडी चालवायची जी फॅशन कसारा घाटात दिसते, ती. चारही लुकलुकत असले की तुम्ही डावीकडे वळताय की उजवीकडे, ते मागच्याला कळणार कसं? पावसात साधे हेडलाइट लावा, लो बीमवर.

आता चढ. रस्ता ओला आहे म्हणून गाडी जास्त मागे जात नाही. चढ तोच, गाडीचं वजन तेच, आणि हँडब्रेक नीट असेल तर तो धरून ठेवतोच. फरक पडतो तो तुमच्या पायात. ओला तळवा क्लचवरून सटकतो, क्लच एकदम सुटतो आणि गाडी हबकून बंद पडते. मग घाबरून माणूस पुढच्या वेळी रेस जास्त देतो आणि चाक जागेवर फिरतं. त्यावर उपाय असा: हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच हळू सोडत जायचा. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचललं, की पाय तिथेच थांबवायचा. मग थोडी रेस आणि त्यानंतर हँडब्रेक खाली. ही शेवटची दोन कामं उलटी झाली की गाडी मागे गेलीच. मालेगाव स्टँडच्या उतारावर वर्दळीत शिकू नका, पांडवलेणीच्या बाजूला सकाळी मोकळा चढ बघा. शेजारी लायसन्सवाला माणूस हवाच.

बसण्याआधी पायपुसणीवर बूट घासा, पेडलही कोरड्या फडक्याने पुसून घ्या. आणि गाडीत वर्तमानपत्र अंथरलं असेल तर आजच काढून टाका. पावसाळ्यात गाडी घाण होऊ नये म्हणून घरोघरी अंथरतात. तो कागद भिजून गोळा होतो आणि ब्रेकखाली जाऊन बसतो.

आता काच, कारण तुमची खरी अडचण तीच दिसतेय. काच का धुरकटते? आत दोन माणसं श्वास घेताहेत, ओला रेनकोट मागच्या सीटवर, छत्री पायाशी. ती सगळी वाफ थंड काचेला चिकटते. रुमाल फिरवून ती जात नाही, फक्त पसरते. रेनकोट आणि छत्री डिकीत टाका. एसी लावून हवा समोरच्या काचेवर सोडा, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो. आतली हवा आतच फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या. एसी फार थंड ठेवलात तर उलट काच बाहेरून धुरकटते. आतून की बाहेरून ते बोट फिरवून बघा. बाहेरून असेल तर वायपर एकदा फिरला की झालं.

एसीची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. क्लासच्या बहुतेक गाड्यांत एसी बंदच असतो, त्यामुळे शिकणाऱ्याला तो लावून चालवायची सवय नसते. छोट्या इंजिनावर एसीचा भार येतो, गाडी उचलताना जरा रेस जास्त लागते आणि क्लच पकडतानाचा आवाजही वेगळा येतो. त्यामुळे गुरुवारपर्यंतचा सगळा सराव एसी लावूनच करा.

पाथर्डीफाटावाल्या भाऊंचं चूक नाही, पण माझं मत वेगळं. दसऱ्यानंतर लायसन्स मिळालं तर पुढचा जून येईल तेव्हा ताई एकट्या असतील, शेजारी कोणी नाही आणि द्वारका सर्कलला मागून कंटेनर हॉर्न मारतोय. आत्ता निदान शेजारी माणूस बसवून सराव होईल. समजा नापास झालात, तर ७ दिवसांनी पुन्हा देता येते, फी परत भरावी लागते इतकंच. तीनदा नापास झालं तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं.

फक्त बुधवारपर्यंत पावसात एकदाही नीट सराव झाला नाही, तर तारीख बदला.

स्कूटीवाली_सातपूर

काकू, मी टू व्हीलरची टेस्ट पावसात दिलीय. फोर व्हीलरचं मला कळत नाही, पण आठ काढताना जमिनीवरचे पांढरे पट्टे साबण लावल्यासारखे झाले होते. पट्ट्यावर वळताना ब्रेक नाही मारला, एवढं केलं आणि पास. पोंचो घालून जाऊ नका असं टू व्हीलरवाल्यांना सांगेन, वाऱ्याने तोंडावर येतो. हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवायची, नाहीतर श्वासाने पांढरी होते.

हो, आणि कागदं! लर्निंग, आधार, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. माझ्या पुढच्या मुलाचं लर्निंग ओलं होऊन दोन तुकडे झाले होते.

पेठरोडचा_मास्तर

पोरीने बरोबर आठवण केली. काचेवरचा एल पण बघा. साध्या कागदावर लाल पेनने काढलेला एल पावसात ओघळून गुलाबी डाग उरतो. पुढे आणि मागे दोन्हीकडे पांढऱ्यावर लाल एल हवा, पाटी किमान १८ सेंटिमीटर चौकोनी. स्टिकर मिळतं, ते लावा.

इंदिरानगरची_शिकाऊ

मास्तर, वर्तमानपत्र होतं! ड्रायव्हरच्याच पायाशी, चार घड्या घालून. काढलं.

आज दुपारी एसी लावून पांडवलेणीच्या बाजूला जाऊन आलो. चढावर पहिल्यांदा बंद पडली, मग आवाज ओळखता यायला लागला. काच शेवटपर्यंत स्वच्छ होती, त्यामुळे हे पहिल्यांदाच रिकाम्या हाताने बसले आणि त्यांना काय करावं कळेना. तारीख बदलत नाही.

दोन शंका उरल्यात. रिव्हर्स घेताना बाजूच्या आरशांत नुसते थेंब दिसतात, त्याला काय करू? व्हॉट्सअॅपवर बटाटा घासायला सांगताहेत. आणि वायपर माझ्या डोळ्यांसमोरच एक पट्टा पाण्याचा तसाच सोडतो.

पेठरोडचा_मास्तर

बटाटा भाजीत घाला. रिव्हर्सच्या आधी आरसे फडक्याने पुसा आणि रिव्हर्सपुरती बाजूची काच खाली घ्या. कोपर भिजेल, भिजू दे. मान वळवून मागे बघताय हे साहेबांनाही दिसतं.

वायपरचं रबर उन्हाळ्यात कडक झालंय. आधी ओल्या कपड्याने रबराची धार पुसून बघा, कधी नुसती धूळच असते. तरी पट्टा राहिला तर नवीन घ्या, फार खर्च नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं आणि शेजारचं ब्लेड बऱ्याच गाड्यांत कमी-जास्त लांबीचं असतं, तेव्हा दोन्ही काढून दुकानात सोबत न्या. आणि बसवताना काचेखाली जाड टॉवेल ठेवायला सांगा, दांडी हातातून सुटून काचेवर आपटली तर गुरुवारी वेगळंच काम निघेल.