वडिलांच्या पश्चात शेतसंरक्षणाची बंदूक: आधी काय करायचं?

कातळपायवाट: वडिलांच्या नावे शेतसंरक्षणाचा परवाना होता, ठासणीची एकनळी (नळीच्या तोंडाकडून बंदुकीची दारू ठासून भरायची). ते मागच्या महिन्यात गेले. बंदूक माळ्यावर आहे, परवान्याची मुदत अजून वर्षभर आहे. रानडुकरांचा उपद्रव चालूच आहे, म्हणून माझ्या नावावर करून घ्यायची आहे. मुदत आहे तोवर घरात ठेवली तर चालेल ना? गाव सिंधुदुर्गात, मी इथेच राहतो.

गृहशाखा_निवृत्त: नाही चालणार. परवाना माणसाचा असतो, घराचा नव्हे. मुदत उरली असली तरी शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. अर्ज दोन प्रतींत लिहा, सोबत मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना न्या. पोच घेताना बंदुकीचा क्रमांक, प्रकार आणि कोणकोणत्या वस्तू दिल्या ते त्यात लिहून घ्या. नुसती 'एक बंदूक जमा' अशी पोच पुढे डोकेदुखी होते.

नावावर करण्यासाठी शस्त्र नियम 2016 मधला नियम 25 वारसांसाठीच आहे. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो, म्हणजे कलेक्टर कचेरीतली गृह शाखा. वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ-अ, वैद्यकीय दाखला (नमुना एस-3), शस्त्र हाताळणी प्रशिक्षणाचा दाखला (नमुना एस-1) ही तयारी ठेवा. वय 21 पूर्ण हवं. सगळ्यात जास्त अडतं ते बाकीच्या वारसांच्या ना-हरकतीवर. लग्न होऊन गेलेल्या बहिणीही वारस असतात, त्यांची सही राहिली की फाईल परत येते.

केप_आणि_गज: जमा करायला सांगितलंत ते बरोबर, पण त्याआधीची पायरी राहिली. माळ्यावरची ठासणीची बंदूक भरलेली असू शकते. डुकरासाठी बार भरून ठेवायचा आणि तसाच विसरायचा, हे कोकणात नवीन नाही. काडतुसाची बंदूक सांध्यातून उघडून बघता येते, हिच्यात तोंडाकडून काहीच दिसत नाही. नळीत डोकावू तर नकाच.

तपासणी अशी: तोंड मोकळ्या दिशेला ठेवा, निपलवर (नळीच्या मागच्या टोकाशी घोडा आपटतो ती बोंडी) ठिणगी पाडणारी टोपी नाही ना ते पाहा. लाकडी गज बाजूने दोन बोटांत धरून हळूच आत सोडा, तळहात तोंडासमोर नको. गज टेकला की नळीच्या तोंडाशी त्यावर पेन्सिलची खूण करा. मग तोच गज बाहेरून नळीला लावा, खूण तोंडाशी जुळवून. दुसरं टोक निपलच्या पातळीला पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन इंच अलीकडेच थांबलं तर आत दारू, बोळा, छर्रे आहेत असंच समजा.

मग स्वतः उपसत बसू नका, उडवून मोकळी करायला तर मुळीच जाऊ नका. गंजलेली नळी बाराला फाटते. पाणी ओतलं की झालं, हाही गैरसमज आहे; काळी दारू वाळली की परत पेटते. ठाण्यात फोन करून 'आत बार असण्याची शक्यता आहे' असं स्पष्ट सांगा, आणि ते सांगतील तसं करा.

कातळपायवाट: गज चार बोटं वरच थांबतोय! फोन करतो. नळीवरचा क्रमांक गंजाने वाचता येत नाही, पॉलिश पेपरने घासू का?

केप_आणि_गज: आत बार आहे, आता हातही लावू नका. बार काढल्यावर यंत्राचं तेल लावून रात्रभर ठेवा आणि सुती फडक्याने पुसा. क्रमांक हाताने ठोकलेला असेल तर पॉलिश पेपरने उरलासुरलाही जाईल, आणि ओळखखूण पुसणं हा कायद्याने वेगळा गुन्हा आहे.

गृहशाखा_निवृत्त: क्रमांक परवान्याशी जुळला नाही तर पडताळणीत तिथेच अडकाल, तेव्हा अर्जाच्या आधी हे मिटवा. नकार आलाच तर लेखी आदेश मागा. कलम 18 खाली विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं, 30 दिवसांच्या आत. बंदूक नकोच असेल तर परवानाधारकाला किंवा विक्रेत्याला विकता येते, पण जमा केल्यानंतरच्या ठरलेल्या मुदतीत. ती उलटली की सरकारजमा.

माडाखालून: एक भर. शेतसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये आहे, त्यासाठी वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. गवा तर अनुसूची 1 मध्ये. हवेत बार काढून हाकलायचं असेल तरी वस्ती आणि काजूच्या बागेतली माणसं आधी बघा.

निवडणुकीत बंदूक जमा करण्याची नोटीसही येईल. ती सरसकट काढू नये, छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करावा, असं मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या प्रकरणात 2009 साली म्हटलंय. सूट हवी असेल तर समितीकडे वेळेत अर्ज द्या, पिकाचं कारण लिहून.