‘स्पेशियल’ला मराठीत काय म्हणावे?

पदव्युत्तर वर्गाला जीआयएस, म्हणजे नकाशा आणि माहिती संगणकावर जोडणारी प्रणाली, शिकवते. ‘भौगोलिक माहिती प्रणाली’ मुलांना चटकन कळते. गाडी अडते ती ‘स्पेशियल’पाशी (spatial, जागेशी निगडित). परिभाषेत ‘अवकाशीय’ आहे. पण ‘अवकाशीय विश्लेषण’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे उपग्रह येतो. हिंदीतला ‘स्थानिक’ घ्यावा, तर मराठीत स्थानिक म्हणजे गावातला. संशोधन आराखड्यात कोणता शब्द लिहायला सांगू?

— ‘अवकाश’चा मूळ अर्थ मोकळी जागा, वाव. ‘परीक्षेला अवकाश आहे’ म्हणतो तेव्हा तीच मोकळीक काळाची होते. म्हणजे शब्द चुकीचा नाही, पण अवकाशयानाने तो पळवला आहे, हे खरे. मी ‘स्थानाधारित’ वापरतो. वर्गात १८५४ सालचा डॉक्टर जॉन स्नोचा लंडनचा नकाशा दाखवतो. कॉलऱ्याने झालेले मृत्यू त्याने घरांच्या जागी मांडले आणि ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेले दिसले. तेच आकडे नुसत्या तक्त्यात लिहा. पंप कुठेच दिसत नाही. तक्त्यातून जे निसटले, ते ‘स्पेशियल’.

— उदाहरण सुरेख. शब्द मात्र मला अपुरा वाटतो. ‘स्थानाधारित’ने जागा कळते, नाते कळत नाही. अंतर, दिशा, शेजार हाच तर या विषयाचा प्राण आहे. भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोबलरने १९७० मध्ये मांडलेला नियमही, जवळच्या गोष्टींचे एकमेकींशी नाते लांबच्यांपेक्षा घट्ट असते, असाच आहे. म्हणून ‘स्थानसंबंधी’.

जाता जाता, ‘व्हेक्टर’ला (बिंदू, रेषा आणि आकृत्यांनी नकाशा मांडण्याच्या पद्धतीला) ‘सदिश’ लिहू देऊ नका. भौतिकशास्त्रात तो चोख बसतो. इथे व्हेक्टर थरात नुसता बिंदूही असतो, आणि बिंदूला कसली दिशा? ‘रास्टर’ही तसाच ठेवावा, पण मूळ सांगावे. लॅटिनमध्ये ‘रास्ट्रम’ म्हणजे दंताळे. दंताळे उभे-आडवे ओढले की जमिनीवर चौकटी उमटतात. प्रत्येक चौकटीला एक मूल्य दिले की झाला रास्टर. एवढे सांगितले की पेशी (एकेक चौकट), विभेदन (चौकटीचा लहानमोठेपणा) वगैरे पुढचे सगळे सोपे जाते.

— दंताळे उद्याच्याच तासाला सांगते! शीर्षकात ‘अवकाशीय’च ठेवू, कारण शोधणाऱ्याला तो शब्द सापडायला हवा. पहिल्याच प्रकरणात मात्र ‘स्थानसंबंधी’ असा खुलासा लिहायला लावीन. आता ‘बफर’चे, म्हणजे एखाद्या गोष्टीपासून ठरावीक अंतरापर्यंतच्या क्षेत्राचे, सांगा. नदीकाठच्या बफरला ‘पट्टा’ शोभतो, पण विहिरीभोवतीचा बफर गोल असतो. त्याला पट्टा कसे म्हणू?