परदेशात नोकरीला जाताना 'होईल साहेब' ही सवय इथंच सोडून जावी का?

वाळूजकर
नऊ वर्षं वाळूजला टूलरूममध्ये काढली. आता अडीच वर्षं झाली, जर्मनीत श्टुटगार्टच्या बाजूला आहे. 2024 ला आपल्या सरकारनं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून पैठणकडच्या पोरांचे फोन वाढलेत. भाषा किती लागते, थंडी किती, कापून जाऊन हातात किती येतं, सगळं विचारतात. कामावर वागायचं कसं, हे एकानंही विचारलं नाही.

माझं मत सरळ आहे. 'होईल साहेब' ही सवय मुंबईच्या विमानतळावर टाकून या.

पहिल्याच हिवाळ्यात गुरुवारी प्रमुखानं विचारलं, डायचा इन्सर्ट, म्हणजे साच्यात बसवायचा तुकडा, सोमवारी सकाळी मिळेल का? बुधवारशिवाय होत नाही हे मला तिथंच दिसत होतं. पण तोंडातून 'होईल' निघून गेलं. शनिवारी देखभालीवाल्यांसाठी दार उघडं होतं, एकटाच जाऊन दिवसभर मशीनवर उभा राहिलो. सोमवारी सातला इन्सर्ट त्याच्या टेबलावर. वाळूजला पाठीवर थाप पडली असती. इथं त्यानं चार जणांसमोर विचारलं, तुला यायला कुणी सांगितलं? जादा कामाला कामगारांनी निवडलेल्या समितीची, बेट्रिब्सराटची, संमती लागते. मशीनवर एकटा होतास, हात गेला असता तर कोण बघणार होतं? आणि शेवटी म्हणाला, "गुरुवारीच बुधवार सांगितला असतास तर मी ग्राहकाला कळवलं असतं. तू मला खोटं सांगितलंस."

आपण मन राखतो, त्याला ते खोटं वाटतं. तो चुकला असं मला आज वाटत नाही.

कोयताबंद
दादा, लिहिलंय भारी, पण पटलं नाही. मी केज तालुक्यातला. आईबाप सोळा वर्षं ऊसतोडीला गेले. दिवाळी झाली की बैलगाडीत संसार आणि पश्चिमेकडचा कारखाना. मुकादमाकडून उचल घेतलेली असायची. पहाटे तीनला गाडी भरायची म्हणला की भरायची. अंगात ताप असला तरी आई 'होईल' म्हणायची. ही तुम्हाला सवय वाटायली का? ती उचलीची पावती होती. ज्याच्या अंगावर कर्ज नाही त्यानं 'नाही' म्हणावं. आता एजंटला पैसे देऊन जाणारं पोरगं पहिल्या महिन्यात साहेबाला 'जमत नाही' म्हणणार कसं? त्याच्या घरी सात-बारा गहाण आहे.

वाळूजकर
भावा, कर्जाचं मान्य. मीही सोसायटीचं आणि मेहुण्याचं देणं घेऊनच आलो. पण माझी नोकरी 'नाही' म्हणल्यानं जाणार नव्हती, 'होईल' म्हणल्यानं जायची वेळ आली होती. तेव्हा माझे प्रोबेशनचे सहा महिने चालू होते.

उदगीरची सिस्टर
मी इस्पितळात आहे, जर्मनीतच, चौथं वर्ष. वाळूजकरांचं अर्धं पटतं. लातूरला असताना डॉक्टरांनी लिहिलेला डोस जास्त वाटला तर मी मोठ्या सिस्टरला हळूच सांगायचे, त्या त्यांच्या पद्धतीनं पोचवायच्या. इथं मी गप्प राहिले तर चूक माझी.

पण जे कुणी सांगत नाही ते वेगळंच आहे. आपल्याकडं पेशंटचं अंग पुसणं, भरवणं, कपडे बदलणं नातेवाईक नाहीतर मावशी करतात. इथं ते नर्सचंच काम. आमच्यासोबत आलेली एक जण पहिल्या आठवड्यात रडली, 'बीएस्सी करून मी आंघोळी घालायला आले का' म्हणून. तिला कामाची लाज नव्हती. घरी काय सांगू, ही लाज होती. मला विचाराल तर त्याच आंघोळीच्या वेळी पेशंटच्या पाठीवरची जखम सगळ्यात आधी दिसते. हे मला लातूरला कळलं नव्हतं.

आणि एक तक्रार. चार वर्षांत 'जेवलीस का' असं कुणी विचारलेलं नाही. दुपारी भेटले की 'मालत्साइट' म्हणतात, म्हणजे जेवणाची वेळ झाली, बस. वाढदिवस आपला असला तरी केक आपणच न्यायचा! तुम्ही सवय टाका म्हणता, मी मात्र विचारायचं सोडलेलं नाही. आता आमच्या वॉर्डातली एक म्हातारी मलाच विचारते.

परभणीचा वेल्डर
परदेश म्हणजे नुसती जर्मनी का हो? मी सात वर्षं सौदीत जुबैलला पाइप वेल्डिंग केलं. तिथं 'नाही' म्हणून बघा. मी होतो तेव्हा कंपनीच्या सहीशिवाय दुसरीकडं नोकरी धरता येत नव्हती. फोरमन इजिप्तचा, वर आपलाच हिंदुस्थानी. मुकादमच, फक्त हेल्मेट घातलेला. उन्हाळ्यात 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12 ते 3 उघड्यावर काम बंद असा नियम आहे. तेवढे तीन तास आम्हाला 'नाही' म्हणावं लागत नव्हतं, सरकारच म्हणायचं. वाळूजकरांचा सल्ला ऐकून कुणी आखातात खरं बोलायला लागला, तर परतीचं तिकीट हातात घेऊनच येईल.

शिफ्ट इनचार्ज
तुम्ही सगळे संस्कृती संस्कृती करायलात. मी इथं एमआयडीसीत, ज्या कंपनीत आहे तिची मालकी जर्मन आहे. तिकडून साहेब येतात. पहिले सहा महिने रविवारी फोन उचलत नाहीत. वर्षभरानं तेच साहेब शनिवारी रात्री ग्रुपवर टाकतात, 'उद्या शटडाऊन, सगळे हजर'. आणि कॉन्ट्रॅक्टरची पोरं हजर असतात, कारण गेटवर त्यांच्या जागी दहा उभे आहेत. जर्मनीत दिवसाचे आठ तास, फार तर दहा, दोन शिफ्टमध्ये अकरा तास सुट्टी आणि रविवार बंद, हे कायद्यात लिहिलंय. कायदा मागं राहिला की त्यांची संस्कृतीपण विमानातच राहते.

वाळूजकर
काका, हे मात्र झोंबलं. खरंय, माझा प्रमुख समितीला घाबरून बोलला असेल. तरी एक सांगतो. त्या सोमवारनंतर मी तारीख खरी सांगायला लागलो आणि तो माझ्या तारखेवर ग्राहकाला शब्द द्यायला लागला. हे कुठल्या कायद्यात नाही. वेल्डरभाऊंचं बरोबर, माझं बोलणं आखाताला लागू नाही, ते मागं घेतो.

कोयताबंद
माझा धाकटा भाऊ संभाजीनगरात जर्मनचा क्लास करायलाय, बी-वन पातळी चालू आहे. 'नाही'ला काय म्हणतात तिकडं, एवढं सांगा. पाठ करून घेतो.

वाळूजकर
'नाइन'. पण नुसतं 'नाइन' म्हणून गप्प बसू नको म्हणावं. 'सोमवारी नाही, बुधवारी दुपारी दोनला' असं पुरं सांगायचं.

कोयताबंद
म्हणजे आमच्या गावच्या शिंप्यासारखं. तोपण तारीख देतो.

उदगीरची सिस्टर
फरक एवढाच, भाऊ, की बुधवारी दोनला शर्ट खरंच शिवून पाहिजे. काजं-बटणांसकट.